फटफटीची तालीम

मोटारसायकल कोठे शिकावी, असे विचारले तर आपण चटकन म्हणतो, “रस्त्यावर! आणखी कुठं?” थोरला भाऊ मागे बसतो, क्लच सोडायला सांगतो, माळावर दोन फेऱ्या होतात, की झाले शिक्षण. पण पाहा, कुस्तीचा डाव कोणी बाजारातल्या मारामारीत शिकतो का? त्याला तालीम लागते, तांबडी माती लागते आणि चूक दाखवणारा वस्ताद लागतो. फटफटीलाही अशी तालीम आहे, आणि तिला शंभर वर्षांहून अधिक इतिहास आहे.

इंग्लंडात १९०३ च्या कायद्याने मोटारींना ताशी २० मैलांची मर्यादा घातली. मग वेगवान गाड्या पारखायच्या कोठे? लॉक किंग नावाच्या जमीनदाराने सरे परगण्यातील आपल्या जमिनीवर पावणेतीन मैलांचा काँक्रीटचा मार्ग बांधला. तोच ब्रुकलँड्स. १९०७ साली तो सुरू झाला आणि १९३९ मध्ये महायुद्धामुळे शर्यती थांबल्या.

जर्मनीत आयफेलच्या डोंगरात १९२७ साली न्यूर्बुर्गरिंग खुला झाला. त्याच्या बांधकामात बेकारांना काम देणे हाही हेतू होता. शर्यत नसेल तेव्हा सामान्य माणसाने पैसे भरावेत आणि आपली गाडी तेथे चालवावी, अशी सोय झाली. समोरून कोणी येणार नाही! पण मार्ग मिळाला तरी वस्ताद कोठे होता?

अमेरिकेत कीथ कोड यांनी १९८० साली कॅलिफोर्नियात शाळा काढली, ती ही उणीव भरण्यासाठीच. त्यांचे म्हणणे असे, की चालकाचा मोठा शत्रू म्हणजे त्याची भीती. वळणात घाबरला, की तो एकदम वेग तोडतो, हात आखडतो, आणि ज्या खड्ड्याला भितो त्याच्याकडेच टक लावतो. गाडी नजरेमागे जाते! म्हणून वळणाच्या पुढे पाहावे, हात सैल ठेवावेत, ब्रेक वळणाआधीच लावावा. आणखी एक गंमत : वेगात गाडी डावीकडे झुकवायची, तर हँडलची डावी मूठच पुढे दाबावी लागते.

ही शाळा भारतातही आली. मद्रासजवळ पूर्वी शोलावरमच्या युद्धकालीन धावपट्टीवर शर्यती होत. १९९० पासून श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथे खास मार्ग आहे. अशा दिवशी गाडी आधी तपासतात, नवशिके नि तरबेज यांचे गट वेगळे करतात आणि वीसेक मिनिटांच्या पाळ्या देतात. पिवळे निशाण म्हणजे सावध, तांबडे म्हणजे पाळी बंद. बक्षीस नाही, नंबर नाही.

हे श्रीमंतांचे चोचले आहेत का? २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर सुमारे १ लाख ६८ हजार माणसे दगावली. त्यांत शंभरातली चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती. उसाची ट्रॉली, आडवे येणारे गुरू, वळणावरची खडी, हे तालमीत भेटत नाही, हे खरे. पण खरा पैलवान बाजारात दंड थोपटत नाही. आपली नि आपल्या गाडीची मर्यादा ज्याला कळली, तो रस्त्यावर सबुरीने जातो.

गुरुजी, मद्रासला सर्वांना थोडेच जाता येणार? पण परवाना मिळालेल्या पोरांना मोकळ्या मैदानावर, डोक्यावर हेल्मेट घालून, हळू वेगात दोन्ही ब्रेक मिळून लावायचा सराव आपल्याला करून घेता येईल. तेवढी माती आपल्या गावातही आहे.