शोधनिबंधावर नाव कोणाचे? रुग्णांनी काय जाणून घ्यावे

जालन्यात दवाखान्यात येणारे नातेवाईक कधीकधी मोबाईलवर एखाद्या मोठ्या डॉक्टरांची माहिती दाखवून विचारतात, "डॉक्टर, यांचे एवढे शोधनिबंध आहेत, उपचार यांच्याकडेच घ्यावेत का?" प्रश्न रास्त आहे. पण निबंधावर नाव आहे म्हणजे काम त्यांनीच केले, असे नेहमीच नसते.

लेखक कोणाला म्हणावे?

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने चार अटी घातल्या आहेत. चारही पूर्ण व्हाव्या लागतात:

• संशोधनाची आखणी, माहिती गोळा करणे किंवा तिचा अर्थ लावणे यांत मोठा वाटा
• निबंध लिहिणे किंवा बारकाईने तपासून सुधारणे
• छापण्याआधी अंतिम मसुद्याला मान्यता
• चूक निघाल्यास जबाब देण्याची तयारी

केवळ विभागप्रमुख असणे किंवा निधी मिळवून देणे पुरेसे नाही. अशांचे फक्त आभार मानायचे असतात.

मग फुकटची नावे का येतात?

वैद्यकीय महाविद्यालयात बढतीसाठी शोधनिबंध लागतात. वरिष्ठांना नाही म्हणणे कनिष्ठांना जड जाते. सहकारी एकमेकांची नावेही घालतात. २०१५ मध्ये तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेने बढतीसाठी फक्त पहिले दोन लेखक धरायचे ठरवले. पुढे हा नियम बदलला.

रुग्णाचे नुकसान काय?

रोफेकॉक्सिब हे सांधेदुखीचे औषध 'व्हायॉक्स' नावाने विकले जाई. हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो म्हणून कंपनीने २००४ मध्ये ते मागे घेतले. त्याच वर्षी भारतातही त्यावर बंदी आली. न्यायालयीन खटल्यांतील कागदपत्रांवरून २००८ मध्ये अमेरिकेतील 'जामा' नियतकालिकात छापून आले की, या औषधावरील काही निबंध कंपनीच्या माणसांनी किंवा भाड्याच्या लेखकांनी तयार केले होते आणि नाव मात्र नामवंत प्राध्यापकांचे पुढे होते. डॉक्टर ते नाव पाहून विश्वास ठेवतात आणि गोळी रुग्णाच्या पोटात जाते.

नावामागे काम असते तेव्हा

डॉ. हिम्मतराव बावस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या देहेड गावचे. कोकणात महाड भागात विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी नोंदी ठेवल्या आणि त्या 'लॅन्सेट'मध्ये छापल्या. प्राझोसिन या औषधाचा उपयोग त्यांनी दाखवला. २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या निबंधावर दोनच नावे होती: ते आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी. काम कोणी केले, हे विचारावे लागत नाही.

तुम्ही काय करावे?

• निबंधांची संख्या मोजू नका. "माझ्यासारखे किती रुग्ण तुम्ही तपासले? त्यांचे पुढे काय झाले?" असे थेट विचारा.
• निबंधाच्या शेवटी कोणी काय काम केले, पैसा कोणाचा होता, हे बहुधा दिलेले असते. ते वाचा किंवा आपल्या डॉक्टरांकडून समजून घ्या.
• घरचे कोणी औषधाच्या चाचणीत सहभागी होणार असेल, तर संमतीपत्राची प्रत घ्या आणि चाचणी भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत नोंदली आहे का, ते विचारा.
• एखाद्या निबंधाबद्दल शंका आली म्हणून चालू औषध स्वतःहून बंद करू नका. आधी डॉक्टरांशी बोला.