टर्बोचार्जर, लहान मोटारींतील

अंतर्ज्वलन एंजिनातून बाहेर पडणाऱ्या निष्कास वायूंच्या झोताने एक लहान टरबाइन फिरवावयाचे व त्याच्याच दंडावर बसविलेल्या संपीडकाने सिलिंडरांत नेहमीपेक्षा अधिक हवा दाबून भरावयाची, अशी योजना असलेल्या साधनास टर्बोचार्जर म्हणतात. हवा अधिक गेली म्हणजे तिच्या प्रमाणात इंधनही अधिक जाळता येते आणि एंजिनाचे आकारमान न वाढविता शक्ती वाढते. याचे एकस्व (पेटंट) आल्फ्रेट ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये घेतले. परंतु ती कल्पना मोठ्या सागरी डीझेल एंजिनांत यशस्वी होण्यास आणखी वीस वर्षे लागली. तत्पूर्वी अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ मध्ये विमानाचे लिबर्टी एंजिन सुमारे ४,३०० मी. उंचीच्या पाइक्स पीक शिखरावर नेले आणि तेथील विरळ हवेत त्याची घटलेली शक्ती टर्बोचार्जरने भरून काढता येते, हे दाखविले. विरळ हवेची भरपाई हा या साधनाचा मूळ उपयोग होता, ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची आहे.

प्रवासी मोटारीत ते १९६२ मध्ये आले आणि पहिल्याच वर्षी त्याचा खरा शत्रू कोणता ते उघड झाले. हवा दाबली की तापते. तापलेल्या हवेतील पेट्रोलचे मिश्रण ठिणगीची ज्योत पोहोचण्यापूर्वीच आपोआप पेट घेते, एंजिन ठोके देऊ लागते व काही मिनिटांतच दट्ट्याला भोक पडू शकते. ओल्ड्‌समोबिल जेटफायर या मोटारीत संपीडन गुणोत्तर १०.२५ : १ इतके चढे ठेवून ठोका टाळण्यासाठी पाणी व मेथॅनॉल यांचा फवारा सोडण्याची सोय केली होती. मालक त्याची टाकी भरण्यास विसरत. अनेक गाड्यांतील टर्बोचार्जर पुढे काढून टाकून साधा कारब्युरेटर बसवावा लागला. त्याच वर्षीच्या शेव्हरोले कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडरमध्ये संपीडन गुणोत्तरच ८ : १ पर्यंत उतरविले होते, तो मार्ग कमी चमकदार, पण अधिक शहाणपणाचा ठरला. १९७८ मध्ये विक्रीस आलेल्या साब ९९ टर्बो मोटारीत दाब मर्यादेबाहेर गेल्यास निष्कास वायू टरबाइनला वळसा घालून सोडणारी झडप (वेस्टगेट) होती. अगदी लहान एंजिनांचा प्रश्न जपानमध्ये सुटला. सुझुकीच्या १९८७ च्या आल्टो वर्क्समध्ये ५५० घ. सेंमी.हूनही लहान तीन सिलिंडरी एंजिनातून ६४ अश्वशक्ती मिळत असे.

भारतातील हौशी मंडळींचे लक्ष या एंजिनाकडे जाणे स्वाभाविक होते. कारण डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० चे ७९६ घ. सेंमी. एंजिन सुझुकीच्याच एफ मालिकेतील होते. त्याची शक्ती चाळिसाच्या आत असल्याने तीत भर घालण्याचा मोह पडे. स्वतःच्या हिंमतीवर मोटार घडविण्याची परंपराही महाराष्ट्राला नवी नव्हती. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी अभियांत्रिकीचे औपचारिक शिक्षण नसता, १९४० नंतरच्या काळापासून १९७० नंतरपर्यंत, ‘मीरा’ या लहान मोटारीचे एकामागून एक नमुने तयार केले. ती मोटार उत्पादनापर्यंत पोहोचली नाही. टर्बोचार्जरशी तिचा संबंध नाही; परंतु तिच्यात एंजिन, थंड करण्याची व्यवस्था व सांगाडा यांचा विचार एकाच डोक्याने एकत्र केला होता. तयार एंजिनाला एकच भाग जोडणाऱ्याला नेमकी हीच सोय नसते.

घरी टर्बोचार्जर बसविण्याचे काम वरवर पाहता नळजोडणीचे आहे. निष्कास नळीचे तोंड नव्याने जोडावे लागते. तेलदाबाच्या स्विचच्या जागेवरून टर्बोचार्जरच्या धारव्याला वंगण तेल द्यावे लागते आणि ते तेल आपल्या वजनाने खाली एंजिनाच्या तळकुंडात परत जाईल असा पुरेसा रुंद मार्ग ठेवावा लागतो. लहान टर्बोचार्जर मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो, त्यामुळे क्षणभराचा तेलाचा दुष्काळही त्याला मानवत नाही. वेगाने आलेली गाडी एकदम बंद केल्यास तापलेल्या धारव्यातील तेल जळून त्याचा कोळसा होतो. म्हणून एंजिन मिनिटभर मंद चालू ठेवण्याची चाल पडली. दाबलेली हवा कारब्युरेटरमधून न्यावयाची असेल, तर पेट्रोलचा दाब हवेच्या दाबाहून अधिक हवा. तो कमी पडला की मिश्रणात इंधन अपुरे पडते, आणि अपुऱ्या इंधनाचे मिश्रण अधिकच तापते.

वाशिम जिल्ह्यातील हवामान हा हिशेब आणखी अवघड करते. वाशिम शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. वऱ्हाडातील उन्हाळ्यात ४२° से. तापमान नवलाचे नाही. या उंचीवर व या तापमानात हवेची घनता समुद्रसपाटीवरील १५° से. हवेच्या मानाने सुमारे १४ टक्के कमी भरते, म्हणजे साधे एंजिन जवळजवळ तेवढ्या शक्तीला मुकते. मॉस यांच्या दृष्टीने पाहता टर्बोचार्जरची गरज येथे खरीच आहे. परंतु तीच ४२° से. हवा दीडपट दाबली की सामान्य कार्यक्षमतेच्या संपीडकातून ती सुमारे १००° से. तापमानाने बाहेर पडते. थंड प्रदेशातील १५° से. हवा त्याच दाबाला सत्तरीच्या आत राहते. तेव्हा युरोपीय वा जपानी मोटारीवरून उचललेला दाबाचा आकडा मालेगाव किंवा कारंजाच्या रस्त्यावर मे महिन्यात चालत नाही. इंटरकूलर, म्हणजे दाबलेली हवा पुन्हा थंड करणारा रेडिएटर, येथे चैनीची वस्तू नसून एंजिनाच्या जीविताचा प्रश्न आहे. त्यातच १९८०–९० च्या दशकात मिळणाऱ्या साध्या पेट्रोलचा ऑक्टेन क्रमांक ९० च्या खाली असे.

डीझेल एंजिनात केवळ हवाच दाबली जाते व इंधन शेवटी येते, त्यामुळे हा अकाली स्फोट तेथे होत नाही. म्हणूनच महाराष्ट्रात टर्बोचार्जर प्रथम डीझेलच्या वाटेने रुजला. पुण्यात १९६२ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर कमिन्स कंपनीची अवजड एंजिने, पुढे मालमोटारी, आणि मग लहान मोटारी असा हा क्रम होता. पुण्यातच तयार होणारी टाटा इंडिका डिसेंबर १९९८ मध्ये आली, तेव्हा तिचे १,४०५ घ. सेंमी. डीझेल एंजिन टर्बोचार्जरविना होते. नंतरच्या दशकात त्याच एंजिनाला तो जोडण्यात आला. पेट्रोलच्या लहान टर्बो एंजिनांची मोटार चाकणच्या कारखान्यातून २०१३ मध्ये (फोक्सवॅगन पोलो जीटी) व रांजणगावहून २०१७ मध्ये (टाटा नेक्सॉन) बाहेर पडली. ठोका ओळखून ठिणगीची वेळ मागे घेणारी इलेक्ट्रॉनीय यंत्रणा त्यांत पहिल्यापासूनच होती.

कायद्याने घरगुती प्रयोगाची वाट बरीच अरुंद केली आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये २००० साली झालेल्या दुरुस्तीनुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ पक्का केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा अनधिकृत बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. स्पर्धेच्या बंदिस्त मार्गावर धावणाऱ्या मोटारींचा प्रश्न निराळा आहे. एमएच ३७ क्रमांकाची वाशिमची मोटार मात्र समृद्धी महामार्गावर न्यावयाची असेल, तर तिच्या एंजिनाचे वर्णन नोंदणीपुस्तकाशी जुळणे आवश्यक असते.