मळ्याचे नाव

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि दख्खनचा मुलूख इंग्रजांच्या हाती आला. मुलूख तर घेतला. पण त्यात आहे तरी काय काय? हे टिपण्यासाठी मुंबई सरकारने १८२४ साली विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याची नेमणूक केली. या गृहस्थाने माणसे आणि पिके मोजलीच, शिवाय नद्यांतले मासेही नोंदले. १८२९ मध्ये सरकारने ती जागाच मोडली, तरी १८३१ पर्यंत त्याचे काम चालूच होते. पुढे १८३९ साली त्याची दख्खनच्या माशांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाच्या वृत्तान्तात छापून आली.

त्या यादीत एक मौज आहे. अहीर या सापासारख्या माशाला साइक्सने गव्हर्नर एल्फिन्स्टनचे नाव दिले. परंतु इतर कित्येक माशांना इथल्या लोकांच्या तोंडचीच नावे लॅटिन लिपीत बसवून ठेवली. त्यांतलाच एक मळ्या.

मळ्या हा खळाळत्या पाण्याचा रहिवासी. लांबी फार तर वीतभर. तोंड खालच्या अंगाला आणि हनुवटीवर एक चकती. तिच्या जोरावर तो धोंड्याला चिकटतो, भर ओढीतही वाहून जात नाही आणि धोंड्यावरचे शेवाळ खरवडून पोट भरतो.

साइक्सने त्याला युरोपातल्या एका माशाच्या कुळात घातले होते. पुढच्या पंडितांनी त्याला तिथून काढून ‘गारा’ कुळात आणले. पण आडनाव बदलले तरी पाळण्यातले नाव राहते, असा शास्त्राचा नियम. म्हणून जगभरच्या ग्रंथांत तो आज ‘गारा मुल्या’ आहे. गव्हर्नरसाहेबांचे नाव मात्र गळाले! अहिराला ग्रे नावाच्या शास्त्रज्ञाने १८३१ सालीच ‘बेंगालेन्सिस’ म्हटले होते, आणि जे नाव आधीचे तेच खरे, हाही नियमच.

वर्गात मी एल्फिन्स्टन शिकवतो. पण ज्याच्या तोंडचा ‘मळ्या’ साहेबाच्या कागदावर उतरला, तो भोई की कोळी, कोणत्याच पुस्तकात नाही. त्याचा शब्द तेवढा उरला.

ग्रंथातले नाव टिकेल; ओढ्यातला मळ्या टिकायचा, तर पाणी वाहते हवे आणि धोंडे उघडे हवेत. साचल्या पाण्याखाली गाळ बसला, की त्याला धरायला धोंडा नाही आणि खायला शेवाळ नाही.

वाचकहो, या दिवाळीत घरच्या वडीलधाऱ्यांना आपल्या गावच्या ओढ्यातल्या माशांची नावे विचारा, आणि सांगतील ती वहीत उतरवून ठेवा.