बलबीर पाशा आणि मंजुला

२००२ सालच्या अखेरीस मुंबईत जागोजागी एक प्रश्न टांगलेला दिसू लागला. होर्डिंगवर, बसवर, लोकलमध्ये. बलबीर पाशाला एड्स होईल का? बस्स, एवढंच, तेही हिंदीत. कोण हा बलबीर, राहतो कुठे, करतो काय, काही पत्ता नाही. मी तेव्हा बालवाडीच्या वयाचा होतो, त्यामुळे आठवणी सांगायचा हक्क मला नाही. पण त्या काळी लोकलने ये-जा करणाऱ्या कुणाहीपुढे हे नाव काढून बघा, माणूस आधी हसतो आणि मग बोलायला लागतो.

बलबीर समजून घ्यायचा तर थोडं मागे, निरोधपर्यंत जायला हवं. कुटुंबनियोजनासाठी कंडोम चहा-साबणासारखा गावोगावी विकावा ही कल्पना साठच्या दशकात कलकत्त्याच्या आयआयएममध्ये मांडली गेली. नावासाठी म्हणे आधी 'कामराज' सुचवलं होतं! तेव्हाच्या काँग्रेस अध्यक्षांचं नाव काय होतं हे आठवा, म्हणजे ते का बारगळलं ते कळेल. शेवटी सोज्वळ संस्कृत 'निरोध' ठरलं आणि १९६८ मध्ये तो बाजारात आला, पंधरा पैशांना तीन. सरकारने इथे एक फार हुशारीची गोष्ट केली. वितरणाचं स्वतःचं जाळं उभारण्याऐवजी ब्रुक बाँड, लिप्टन, हिंदुस्थान लिव्हर, युनियन कार्बाइड, टाटा ऑइल मिल्स अशा कंपन्यांचं तयार जाळं वापरलं. जिथे चहाची पुडी आणि बॅटरीचा सेल पोचतो, तिथे निरोध पोचणार. आपल्या भाषेत सांगायचं तर इन्फ्रास्ट्रक्चर रीयूज. :)

वस्तू पोचली, पण अर्थ एकच पोचला. लाल त्रिकोण, हसरं चौकोनी कुटुंब, मुलं थांबवायची गोष्ट. म्हणजे कंडोम हा नवरा-बायकोमधला मामला, आणि तोही पाळणा थांबवायचा. खरं तर संततिनियमनासाठी उभा जन्म खर्ची घालणाऱ्या आपल्या र. धों. कर्व्यांनी गुप्तरोगांपासून बचाव करण्यावरही लिहून ठेवलं होतं. पण सरकारी पोस्टरवर ती दुसरी बाजू मावली नाही.

मग आलं १९८६ साल. मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन (माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या) यांच्या मार्गदर्शनाखाली निर्मला नावाच्या विद्यार्थिनीने शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे रक्ताचे नमुने गोळा केले. त्यातल्या सहा नमुन्यांत एचआयव्ही सापडला. भारतातली ही पहिली नोंद. एड्स नियंत्रणासाठी 'नॅको' उभी राहिली ती १९९२ मध्ये. आता तीच जुनी वस्तू वेगळ्या कारणासाठी, वेगळ्या माणसांना सांगायची होती. आणि चौकोनी कुटुंबाच्या चित्रातून ते सांगता येईना. सुरुवातीच्या प्रचाराचा सूर भीतीचा होता. घाबरलेला माणूस काय करतो? तो विषय आपला नाही असं ठरवून टाकतो.

बलबीर इथे वेगळा ठरतो. ही मोहीम पीएसआय या संस्थेची, 'ऑपरेशन लाइटहाउस' नावाच्या प्रकल्पातली, पैसा अमेरिकन सरकारच्या यूएसएडचा. त्यांनी आधी पुरुषांच्या पळवाटा नीट ऐकून घेतल्या. दारू चढली की कंडोमचं भान राहत नाही. 'मी तर एकीकडेच जातो.' 'ती किती धडधाकट दिसते, तिला कुठला आजार?' मग प्रत्येक पळवाटेची एक जाहिरात झाली. बलबीर फक्त मंजुलाकडेच जातो, पण मंजुलाकडे इतरही येतात ना, मग बलबीरला एड्स होईल का?

यात 'तू' कुठेच नाही, हे मला भारी वाटतं. उपदेश नाही, डॉक्टर नाही, कवटी नाही. लोक तिसऱ्याच माणसाबद्दल गप्पा मारतायत, चहाच्या टपरीवर मारतात तशा. नावही असं, की बलबीर एकीकडचा, पाशा दुसरीकडचा, कुठल्याच जातीधर्माने अंगावर घेऊ नये. ज्याला लागायचं त्याला गुपचूप लागतं. हेल्पलाइनवरचे फोन वाढले. घरी पोरं हा प्रश्न विचारतात म्हणून वैतागलेले पालकही होतेच.

पुढे २००८ च्या सुमारास बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस ट्रस्टने महाराष्ट्रासह चार राज्यांत मोहीम चालवली. तिच्या जाहिरातीत कबड्डीपटू 'कबड्डी'ऐवजी 'कंडोम, कंडोम' असा दम धरतात, आणि त्या शब्दाची रिंगटोन तर लाखांच्या घरात मागवली गेली. नऊ वर्षांनी, डिसेंबर २०१७ मध्ये, माहिती-प्रसारण मंत्रालयाने कंडोमच्या जाहिराती सकाळी सहा ते रात्री दहा दाखवू नका असं टीव्ही वाहिन्यांना सांगितलं. (नंतर खुलासा आला की फक्त उत्तान जाहिराती.) असो.

मी अडकतो ते मंजुलापाशी. सगळं शहर बलबीरची काळजी करत होतं. मंजुलाला एड्स होईल का, हे कुठल्याच होर्डिंगवर नव्हतं. ती फक्त धोका म्हणून चित्रात. यावर तेव्हाही आक्षेप घेतले गेले आणि मला ते पटतात. कारण विषाणू तिच्याकडे येतो तोही कुठल्यातरी बलबीरकडूनच.

मंजुलाच्या बाजूने काम करायचं म्हणजे काय, ते सांगलीत दिसतं. मीना शेषू यांच्या 'संग्राम' संस्थेचं काम १९९२ पासूनचं. तिथे कंडोम वाटायचं काम धंदा करणाऱ्या बायकांनी स्वतःच हातात घेतलं. अडचण साधी होती. एकीने कंडोमशिवाय नाही म्हटलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दारात जाणार, उपाशी राहणार ती नाही म्हणणारी. म्हणजे नकार द्यायचा तर सगळ्यांनी मिळून. पोस्टरने हे होत नाही, त्याला संघटना लागते. १९९६ मध्ये 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद', म्हणजे 'व्हॅम्प', उभी राहिली. नाव त्यांनी मुद्दाम सोज्वळ ठेवलं नाही.

२००३ मध्ये अमेरिकेने कायदा केला, की एड्ससाठी आमचा पैसा हवा असेल तर वेश्याव्यवसायाला आपला विरोध आहे असं संस्थेने लिहून द्यावं. म्हणजे ज्या बायकांबरोबर काम करायचं, त्यांच्याच धंद्याच्या विरोधात सही करायची. पैसा पुन्हा त्याच यूएसएडचा, बलबीरच्या होर्डिंगांमागे होता तोच. २००५ मध्ये संग्रामने सही करायला नकार दिला आणि पैसे परत केले. सांगलीतलं कंडोमवाटप त्यानंतरही चालूच राहिलं.