सायलेन्सर म्हणजे काय? बंदुकीचा, बाईकचा आणि दोघांचे उलटसुलट कायदे

१ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत बंदुकीच्या सायलेन्सरवरचा २०० डॉलरचा टॅक्स शून्य झाला. आमच्या करावे गावातल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर ही बातमी आली ती अर्धीच, 'सायलेन्सर टॅक्स फ्री' एवढीच. निम्म्या पोरांना वाटलं बुलेटचा सायलेन्सर स्वस्त झाला. पाम बीच रोडच्या शेजारी राहणाऱ्याला दुसरं काय आठवणार म्हणा! पण एकाला बातमी बरोबर कळली होती आणि त्याने विचारलं, "मग एखादा ऑनलाईन मागवता येईल का? नुसता सायलेन्सर, बंदूक नाही." या प्रश्नाचं उत्तर थेट जेलशी जोडलेलं आहे, म्हणून जरा नीट समजून घेऊया.

आधी हे चालतं कसं?

बीजीएमआय खेळणाऱ्यांना सप्रेसर माहीत आहे. गेममध्ये तो लावला की आवाज दबतो आणि समोरच्याला तुम्ही कुठे आहात ते पटकन कळत नाही. खऱ्या बंदुकीत ट्रिगर दाबला की दारू जळते आणि प्रचंड दाबाचा गरम वायू गोळीमागून नळीबाहेर फुटतो. धडाम आवाज येतो तो मुख्यतः त्या वायूचा. सायलेन्सरच्या नळकांड्यात एकामागे एक कप्पे असतात. वायू त्यात पसरतो, थंड होतो आणि हळू बाहेर पडतो.

पण सिनेमातलं 'फुस्स' विसरा. सायलेन्सर साधारण २० ते ३५ डेसिबल आवाज कमी करतो. रायफलचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो, म्हणजे सायलेन्सर लावूनही तो १३० च्या घरात राहतो. शिवाय गोळी आवाजापेक्षा वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४३ मीटरपेक्षा जास्त वेगाने गेली, तर हवेत तिचा स्वतःचा तडाखा ऐकू येतो. तो कुठलाच सायलेन्सर थांबवू शकत नाही.

आता गंमत बघा. १९०९ साली बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट मिळवणारे हायरम पर्सी मॅक्सिम हे मशीनगन बनवणाऱ्या मॅक्सिम यांचे चिरंजीव. त्यांनी हीच कल्पना इंजिनाच्या धुराड्यासाठीही वापरली. (हेच गृहस्थ पुढे अमेरिकेतल्या हॅम रेडिओवाल्यांच्या संघटनेचे संस्थापक झाले.) म्हणजे बुलेटचा आणि बंदुकीचा सायलेन्सर हे तसे भाऊ-भाऊच.

अमेरिकेत नक्की काय बदललं?

१९३४ साली तिथे नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट आला. सरळ बंदी न घालता सरकारने मशीनगन, आखूड नळीच्या बंदुका आणि सायलेन्सर यांवर २०० डॉलरचा टॅक्स लावला आणि नोंदणी सक्तीची केली. तेव्हाचे २०० डॉलर म्हणजे आजचे साडेचार हजारांच्या वर! सामान्य माणसाने घेऊच नये, हाच त्यामागचा हेतू. १९३७ मध्ये प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. हा टॅक्स आहे आणि टॅक्स लावायचा अधिकार संसदेला आहे, म्हणून कायदा टिकला. त्यानंतर ९० वर्षं तो आकडा हललाच नाही. महागाई वाढत गेली आणि टॅक्सचा धाक आपोआप कमी होत गेला.

४ जुलै २०२५ ला ट्रम्प यांनी सही केलेल्या मोठ्या बजेट कायद्यात हा टॅक्स शून्य केला गेला. सायलेन्सर नोंदणीतूनही बाहेर काढायचा प्रयत्न झाला होता. पण सिनेटच्या नियम-सल्लागाराने सांगितलं की हा बजेटचा विषय नाही, त्यामुळे ते राहिलं. परिणामी आज टॅक्स शून्य, पण फॉर्म, फोटो, बोटांचे ठसे आणि तपासणी सगळं तसंच. बंदूकवाले आता कोर्टात विचारतायत की टॅक्सच नाही तर टॅक्सच्या नावाखालची नोंदणी कशाला? माझ्या मते खरा पेच हाच आहे, २०० डॉलर वाचले हा नाही. बाजू दोन्ही आहेत. शिकारी म्हणतात आमचे कान वाचतात, विरोधक म्हणतात गोळीबार कुठून होतोय ते लोकांना आणि पोलिसांना लवकर कळणार नाही.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे टॅक्सचा हा खेळच नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २ मध्ये 'अग्निशस्त्र' कशाला म्हणायचं ते लिहिलंय. बंदुकीचा आवाज किंवा चमक कमी करण्यासाठी बनवलेला जोडभागही त्यात येतो. म्हणजे बंदूक नसली तरी नुसता सायलेन्सर हेच कायद्याने शस्त्र. तो परवान्याशिवाय बाळगला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर साधारण २ ते ५ वर्षं कैद आणि दंड. घरी बनवला किंवा विकला तर किमान ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. यूट्यूबवर बघून 'प्रोजेक्ट' करणाऱ्यांनी हा आकडा परत एकदा वाचावा.

नवी मुंबईत शस्त्र परवाना पोलीस आयुक्तालयाकडून मिळतो. पिस्तुलाचं लायसन्स आहे म्हणून सायलेन्सर फुकटात चालत नाही.

बाईकचा कायदा मात्र बरोबर उलटा. तिथे सायलेन्सर असलाच पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चा नियम १२० तेच सांगतो. १७५ सीसीवरच्या नव्या बाईकला चाचणीत ८० डेसिबलची मर्यादा आहे. कंपनीचा सायलेन्सर काढून फटफटणारा लावला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्या वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय ३ महिने लायसन्स बाद होऊ शकतं. रोडरोलरखाली सायलेन्सर चिरडतानाचे पोलिसांचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील.

टॅक्सचंच बोलायचं तर २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हर-पिस्तुलावर जीएसटी २८ चा ४० टक्के झाला. ३५० सीसीवरच्या बाईकलाही तेच ४० टक्के. बुलेट ३५० मात्र १८ टक्क्यांत बसते, तेव्हा ग्रुपवरच्या पोरांना खूश व्हायला तेवढं कारण आहे.

राहिला ऑनलाईन मागवायचा प्रश्न. शस्त्र अधिनियमाच्या कलम १० प्रमाणे शस्त्र आयात करायला परवाना लागतो, आणि सायलेन्सर शस्त्र आहे हे आपण वर पाहिलंच. वेबसाईटवर त्याला 'क्लीनिंग किट' किंवा 'फ्यूएल फिल्टर' असं नाव दिलेलं असलं, तरी कस्टमवाले वस्तू बघतात, नाव नाही. अमेरिकेतल्या दादा-ताईंनाही बॅगेत आणायला सांगू नका. ते न्यू जर्सी, न्यूयॉर्क किंवा कॅलिफोर्नियात राहत असतील तर तिथे राज्याच्या कायद्याने सायलेन्सरवर बंदीच आहे, टॅक्स शून्य झाला तरी. आणि एच-१बी सारख्या व्हिसावर असतील तर काही मोजके अपवाद सोडून त्यांना देशभरात बंदूक बाळगायलाच मनाई आहे. तिथल्या केंद्रीय कायद्यातही 'फायरआर्म'च्या व्याख्येत सायलेन्सर धरलेला आहे.