अडीच तासांत अजिंठा

छत्रपती संभाजीनगरहून (पूर्वीचे औरंगाबाद) सुमारे शंभर आणि जळगावहून साठ किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांसाठी मुंबई-पुण्याचा पर्यटक बहुधा एकच दिवस राखून ठेवतो. त्यातले निम्मे तास रस्ता खातो. फर्दापूरच्या तिठ्यावर खासगी गाडी सोडावी लागते आणि तेथून लेण्यांच्या पायथ्यापर्यंतचे चार किलोमीटर एस.टी. महामंडळाच्या बसने जावे लागते. धुराने चित्रे आणखी काळवंडू नयेत म्हणून ही व्यवस्था केली गेली. पायऱ्या चढून पहिल्या लेण्यासमोर उभे राहीपर्यंत हाती उरतात ते जेमतेम अडीच-तीन तास. लेणी मात्र तीस आहेत.

या अडीच तासांचे काय करायचे, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. वेरूळच्या कैलासासमोर कोणीही न सांगता थक्क होतो. अजिंठ्याचे तसे नाही. बाहेरच्या उन्हातून आत शिरलेल्या डोळ्यांना पहिली दोन मिनिटे अंधाराखेरीज काही दिसत नाही. नंतर दिसू लागतात ते पोपडे उडालेले, तपकिरी पडलेले भिंतीचे तुकडे. पाच मिनिटांत बाहेर पडून 'फार काही राहिलेले नाही' असे म्हणणारी कुटुंबे येथे रोज भेटतात. सोबत जाणकार मार्गदर्शक असेल, तर त्याच भिंतीवर राजवाडा, मिरवणूक, जहाज, भांडणारे हत्ती आणि रडणारी माणसे एकामागून एक उलगडत जातात. अजिंठ्यात स्वतःपुरता गाइड घेणे ही चैन नाही, असे म्हणावेसे वाटते ते यासाठी.

गाइड निवडताना केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचे ओळखपत्र पाहावे. मानधन गटातील माणसांच्या संख्येवर आणि अर्ध्या किंवा पूर्ण दिवसावर ठरते. ते, भाषा आणि वेळ या तिन्ही गोष्टी पायऱ्या चढण्यापूर्वीच बोलून घेतलेल्या बऱ्या. मराठीतून सांगणारा हवा असेल तर तसे आधी सांगावे, कारण इंग्रजी आणि हिंदीची सवय झालेले अनेकजण मराठी पर्यटकालाही त्याच साच्यातली माहिती ऐकवतात. खरेदीच्या दुकानांची फेरी या वेळेत बसणार नाही, हेही स्पष्ट केलेले चांगले. आणखी एक विनंती आवर्जून करावी. सगळी लेणी नकोत, सात-आठच दाखवा, पण थांबून दाखवा.

वाघूर नदीच्या नालेसारख्या वळणावर, सुमारे अडीचशे फूट उंचीच्या कातळात ही लेणी ओळीने खोदलेली आहेत. त्यांचे क्रमांक चढणीच्या वाटेने दिलेले आहेत, काळानुसार नव्हेत. सर्वांत जुने मानले जाणारे दहावे लेणे ओळीच्या मध्यावर येते. बहुतेक गट पहिल्या लेण्यापासून सुरुवात करतात आणि तेथेच रांग लागते. पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या आणि सतराव्या लेण्यात एका वेळी मोजक्याच माणसांना थोडा वेळ आत सोडले जाते. श्वासातून बाहेर पडणारी वाफ आणि शरीराची ऊब रंगांना घातक ठरते. ज्याच्याकडे स्वतंत्र गाइड आहे, त्याने गर्दीला बगल देऊन थेट दहाव्यापाशी जावे, तेथून पुढे सव्विसाव्यापर्यंत आणि परतताना दुसरे व पहिले पाहावे. कालक्रमही त्यामुळे बराचसा जुळतो.

दहावे लेणे हे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे चैत्यगृह आहे. दर्शनी भागावर कोरलेल्या ब्राह्मी लेखात वासिठीपुत कटहादि नावाच्या दात्याने 'घरमुख' दान केल्याची नोंद आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा शब्द मराठी माणसाला कोणाच्या मदतीशिवाय कळतो. आत अष्टकोनी खांबांची रांग आणि शेवटी स्तूप आहे. बुद्धाची मूर्ती नाही, कारण त्या काळात बुद्ध प्रतीकांतूनच दाखवला जाई. खांबांवर दिसणाऱ्या बुद्धप्रतिमा सहा-सातशे वर्षांनंतरच्या आहेत.

अशाच एका प्रतिमेवर इंग्रजी अक्षरे ओरखडलेली दिसतात. मद्रास इलाख्याच्या घोडदळातील अधिकारी जॉन स्मिथ २८ एप्रिल १८१९ रोजी वाघाच्या शिकारीच्या निमित्ताने या दरीत आला आणि आपले नाव कोरून गेला. आज ते नाव डोळ्यांच्या पातळीहून बरेच वर आहे. तो उंच होता म्हणून नव्हे. लेण्यात काही फूट दगडमाती साचली होती आणि तो त्या ढिगावर उभा होता. लेण्यांचा 'शोध' स्मिथने लावला, असे गाइड सांगतात. पाश्चात्त्य जगापुरते ते खरे आहे. मात्र वरच्या पठारावरील गावाचे नाव लेणापूर आहे, आणि गावाला ते नाव देणाऱ्यांना लेण्यांचा पत्ता नव्हता असे मानणे कठीण.

सोळाव्या लेण्याच्या प्रवेशापाशी दोन दगडी हत्ती आहेत. ओसरीबाहेरच्या शिलालेखातून कळते की वाकाटक सम्राट हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने हे लेणे खोदवले. हा काळ पाचव्या शतकाच्या उत्तरार्धाचा. अमेरिकी अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनी आयुष्याची अनेक दशके येथे घालवून असे मांडले की, दुसऱ्या टप्प्यातील बहुतेक सारे काम इसवी सन ४६० ते ४८० या अवघ्या वीस वर्षांच्या आसपास झाले आणि हरिषेणाच्या मृत्यूनंतर ते एकाएकी थांबले. सर्वांनी हा कालक्रम जसाच्या तसा स्वीकारलेला नाही, पण काम घाईने सोडले गेल्याच्या खुणा जागोजागी आहेत. वेळ उरला तर चोविसाव्या लेण्यात डोकवावे. ते पुरे झाले असते, तर येथील सर्वांत मोठ्या विहारांत गणले गेले असते. आज तेथे अर्धवट मोकळे केलेले खांब आणि छिन्नीचे घाव तेवढे दिसतात, आणि लेणे कसे खोदत असत ते पूर्ण झालेल्या लेण्यांपेक्षा येथे अधिक नीट समजते.

सोळाव्यातील ज्या चित्राला एकोणिसाव्या शतकात 'मरणासन्न राजकन्या' हे नाव पडले, ते पाहताना गाइडची पारख होते. ती स्त्री मरत नाही. बुद्धाचा सावत्रभाऊ नंद भिक्षू झाला. त्याचा मुकुट घेऊन सेवक परतला आणि तो पाहून नंदाची पत्नी सुंदरी मूर्च्छित पडली, असा तो प्रसंग आहे. जुने नाव इतके गोड की ते अजून सुटत नाही.

सतरावे लेणे हा या फेरीचा गाभा. अडीच तासांतला अर्धा तास येथे गेला तरी हरकत नाही. प्रवेशावरील बंधनामुळे आतला वेळ आखूड असतो. म्हणून चांगला गाइड कथा बाहेर ओसरीतच सांगून घेतो आणि मग आत नेतो. ओसरीच्या भिंतीवर, दरवाजाच्या डावीकडे, राजपुत्र विश्वंतर पत्नी माद्रीला वनवासाची वार्ता सांगतो आहे. राज्याला पाऊस देणारा हत्ती मागणाऱ्याला देऊन टाकला, म्हणून प्रजेने त्याला देशोधडीला लावले. आतल्या भिंतीवर पुढची कथा येते. रथ गेला, घोडे गेले आणि शेवटी जूजक नावाच्या लोभी ब्राह्मणाने दोन मुले मागितली, तीही दिली गेली. जूजकाची बोकडदाढी आणि दात विचकलेला चेहरा चित्रकाराने मिस्कीलपणे रंगवला आहे.

ही भिंत एकट्याने वाचता येत नाही, याचे कारण रंग उडाले एवढेच नाही. आपल्याला चित्रकथा डावीकडून उजवीकडे वाचण्याची सवय असते. अजिंठ्याचा चित्रकार अनेकदा प्रसंग काळानुसार न मांडता स्थळानुसार मांडतो. राजवाड्यात घडलेले सगळे, कथेच्या आरंभीचे आणि शेवटचेही, एका ठिकाणी येते. अरण्यातले दुसऱ्या ठिकाणी. त्यामुळे एकच माणूस हातभर अंतरावर दोनदा भेटतो आणि नवखा पाहणारा त्यांना दोन माणसे समजतो. ही किल्ली हाती आली की समोरच्या भिंतीवरचा सिंहल व्यापारी, त्याचे फुटलेले जहाज आणि राक्षसींचे बेट आपोआप सापडू लागते. अंतराळात यशोधरा लहानग्या राहुलाला पुढे करून उभी आहे. दारी भिक्षेला आलेला बुद्ध मात्र एवढा मोठा रंगवला आहे की मायलेक त्याच्या गुडघ्यांपाशी येतात.

एकोणिसाव्या लेण्याचा दर्शनी भाग बाहेरूनच डोळे भरून पाहावा. सव्विसाव्यात डाव्या भिंतीला सुमारे सात मीटर लांबीची महापरिनिर्वाणाची मूर्ती आहे. खाली शोकाकुल शिष्यांची रांग, वर स्वर्गीय वादक. गाइडने येथे दोन मिनिटे गप्प राहावे, काहीजण राहतातही.

परतीच्या वाटेवर पहिले लेणे. पद्मपाणी आणि त्याच्या जोडीचा बोधिसत्त्व गर्भगृहाच्या अंतराळाच्या दोन्ही बाजूंना आहेत. गाभाऱ्यातील बुद्धाचा चेहरा एका बाजूने उजेड पडला की गंभीर, दुसऱ्या बाजूने हसरा आणि समोरून ध्यानस्थ दिसतो, हा गाइडांचा आवडता प्रयोग आहे. एका खांबावर चार हरणांना मिळून एकच डोके कोरले आहे, तेही दाखवले जाते. मूर्तीपुरते हे ठीक. पण विजेरीचा झोत चित्रांवर फिरवणाऱ्या गाइडला तेथेच थांबवावे. फ्लॅशला तर बंदीच आहे.

याच लेण्यातील एका दृश्याला 'पुलकेशीच्या दरबारातील इराणी वकील' म्हणण्याची जुनी प्रथा आहे. दुसरा पुलकेशी सातव्या शतकातला. लेणे पाचव्या शतकातले मानले, तर हा मेळ बसत नाही. आजचे अभ्यासक त्या चित्रात जातककथा पाहतात. चिनी प्रवासी ह्युएन त्संग येथे येऊन गेला, हेही असेच एक लाडके वाक्य. त्याच्या प्रवासवर्णनात दगडी हत्तींसह एका लेणीसमूहाचे वर्णन आहे आणि ते अजिंठ्याचेच मानले जाते. तो स्वतः आला होता असे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. गाइडला यावर प्रश्न विचारून पाहावा. 'काहींचे मत असे, काहींचे तसे' असे उत्तर देणारा माणूस विश्वासाचा समजावा.

चित्रे काळवंडली ती केवळ वयाने नव्हे. खडबडीत कातळावर माती, तूस आणि वनस्पतींच्या तंतूंचा गिलावा, त्यावर पातळ पांढरा लेप आणि तो सुकल्यावर रंग, अशी ही पद्धत. रंग बहुतेक खनिज आणि माती यांपासून केलेले, काजळीचा काळा तेवढा वेगळा. निळ्यासाठी मात्र दूरच्या बदख्शानहून लाजवर्द आणले जाई. पावसाचे पाणी, वटवाघळे, किडे आणि जुन्या मुक्कामकऱ्यांच्या चुलींचा धूर यांनी काही बिघडवले. उरलेले चांगल्या हेतूने बिघडले. नकला करणाऱ्यांनी रंग उजळ दिसावेत म्हणून व्हार्निश लावले. १९२०च्या सुमारास निजाम सरकारने बोलावलेल्या दोन इटालियन तज्ज्ञांनी सुटणारा गिलावा मोठ्या कौशल्याने धरून ठेवला, पण त्यांनी लावलेली लाख पुढे पिवळी पडली. तो थर उतरवण्याचे काम पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना पुढे कित्येक वर्षे पुरले.

नकलांचे नशीबही विचित्र. मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल याने १८४४पासून जवळजवळ वीस वर्षे येथे राहून मोठाली तैलचित्रे केली. त्यातली बहुतेक १८६६मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाली. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२पासून नव्याने काम केले. त्यातलेही पुष्कळ १८८५च्या साउथ केन्सिंग्टनमधील आगीत गेले. पुढे औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी चित्रकारांना घेऊन येथे आले आणि त्यांनी अजिंठ्यावर ग्रंथ सिद्ध केला.

लेणी सोमवारी बंद असतात. मार्च ते मे कातळ तापतो, पावसाळ्यात सातकुंडाचा धबधबा जोरात असतो. सवडीचा काळ हिवाळ्याचा. आत अनवाणी जावे लागते, म्हणून सहज काढता येणारी पादत्राणे घालावीत. चढण झेपत नसेल तर पायथ्याशी डोलीवाले मिळतात.

संभाजीनगरकडे परतताना घाट चढला की अजिंठा गाव लागते. तेथे पारोची कबर आहे. गिलच्या सहवासात राहिलेल्या या स्थानिक तरुणीचा मृत्यू मे १८५६मधला. ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा' या काव्याची आणि त्यावरून निघालेल्या २०१२च्या चित्रपटाची नायिका तीच. गिल त्यानंतर आणखी तेवीस वर्षे जगला; त्याची कबर भुसावळला आहे.