बरोबरच्या दोन रेघांची कुळकथा

बरोबरचे चिन्ह जन्माला आले ते पुनरुक्तीच्या कंटाळ्यातून. रॉबर्ट रेकॉर्ड हे वेल्समधले वैद्य आणि गणिती. ‘ही राशी त्या राशीइतकी आहे’ हे दर वेळी शब्दांत लिहिणे टाळावे म्हणून त्यांनी १५५७ साली लंडनला छापलेल्या ‘द व्हेटस्टोन ऑफ विट’ या पुस्तकात सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघा ओढल्या. कारणही दिले: याहून सारख्या दोन वस्तू असू शकत नाहीत. या चिन्हाने छापलेले पहिले समीकरण आजच्या पद्धतीने लिहिले तर १४क्ष + १५ = ७१ असे होते. रेघा मात्र आजच्यापेक्षा बऱ्याच लांब होत्या. पुढच्याच वर्षी रेकॉर्ड तुरुंगात वारले.

रेकॉर्डच्या पुस्तकाच्या चारशे वर्षे आधी, ११५० च्या सुमारास, भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त समीकरणाचे दोन पक्ष एकाखाली एक मांडलेले दिसतात. मधे चिन्ह नाही. मांडणीच समानता सांगते.

रेकॉर्डच्या रेघा लगेच रुळल्या नाहीत. फ्रान्समध्ये गणिती व्हिएत याच रेघा वजाबाकीतला फरक दाखवायला वापरत, आणि देकार्तने १६३७ साली समानतेसाठी वेगळेच चिन्ह घेतले. पण १६३१ मध्ये इंग्लंडमध्ये ऑट्रेड आणि हॅरियट या गणितींच्या पुस्तकांत त्या आल्या. पुढे न्यूटन आणि लाइब्निझ यांनी त्या वापरल्या आणि वाद मिटला.

चिन्ह एक झाले, अर्थ मात्र वाढत गेले. (अ + ब)² = अ² + २अब + ब² हे कोणत्याही संख्यांसाठी खरे असते, तर १४क्ष + १५ = ७१ हे क्ष ४ असेल तरच. तर्कशास्त्रात ‘अ = ब’ म्हणजे नावे दोन, वस्तू एकच. १९५७ च्या फोर्ट्रान या संगणकभाषेत तर ते आज्ञा झाले. तिथे ‘क्ष = क्ष + १’ म्हणजे क्षची किंमत एकाने वाढव; गणितात हेच विधान साफ खोटे.

शाळेतही मुले या चिन्हाला आज्ञाच समजतात: ‘आता उत्तर लिहा.’ म्हणून ८ + ४ = □ + ५ दिले की अनेक मुले चौकटीत १२ लिहितात; खरे उत्तर ७. शिक्षकांनी आणि पालकांनी पहिलीपासूनच ३ + ४ = ७ च्या जोडीला ७ = ३ + ४ हेही लिहून दाखवावे. दोन्ही बाजूंचा हक्क सारखा आहे, हे मुलाला कळले की पुढचे बीजगणित त्याला परके वाटत नाही.